जीव लावलेला संघ बाद झाला, ती रात्र : तुमचे अनुभव सांगा

आपल्याकडं फुटबॉल बघणारा माणूस तसा एकटाच. क्रिकेटमध्ये हरलो तर सकाळी चहाच्या टपरीवर चार माणसं हळहळायला असतात. फुटबॉलमधला आपला संघ बाद होतो तो रात्री दोन-अडीचला. घर झोपलेलं असतं, आणि सकाळी सांगावं तर ऐकणाऱ्याला संघच माहीत नसतो. म्हणून हा धागा. साखळीतल्या हारी नकोत, तिथं पुढचा सामना असतो. बाद फेरीतलं लिहा. कितीही जुनं चालेल.

परभणी (सुरुवात माझ्यापासून)

९ जुलै २००६. बर्लिनला इटली-फ्रान्स विश्वचषकाचा अंतिम सामना. हा फ्रान्सच्या झिदानचा शेवटचा सामना, हे त्यानं आधीच सांगून ठेवलेलं. मी दहावीत. ७ व्या मिनिटाला त्यानं पेनल्टी इतकी अलगद उचलली की चेंडू वरच्या दांडीला लागून रेषेच्या आत पडला आणि पुन्हा बाहेर आला. गोल! १९ व्या मिनिटाला इटलीच्या मातेराझीनं हेडरवर बरोबरी केली. मग जादा वेळ.

आणि लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते ते, वेळापत्रक असायचं, पण वेळापत्रकाबाहेरही जायची. अंधारात बाजेवर रिमोट हातात धरून बसलो. पंखा बंद, डास फोडून काढायलेत, पण जागचा हललो नाही. लाइट आली, टीव्ही लागला आणि पहिलं दृश्य दिसलं ते झिदानचं. मान खाली घालून तो चषकाच्या शेजारून आत चालला होता. का, ते मला कळेना. दुखापत झाली असेल म्हणावं तर लंगडत नव्हता. थोड्या वेळानं पुन्हा दाखवलं : मातेराझीच्या छातीवर डोकं, लाल कार्ड, ११० वं मिनिट.

शूटआउटमध्ये (बरोबरी सुटली नाही की पाच-पाच पेनल्ट्यांवर निकाल) फ्रान्सच्या त्रेझेगेचा चेंडूही वरच्या दांडीला लागला, खाली पडला, पण रेषेच्या बाहेर. इटली ५-३. दोन पेनल्ट्या, दोन्ही दांडीला लागलेल्या. मला आजही राग मातेराझीचा येत नाही, त्रेझेगेचा तर नाहीच. ती १०-१२ मिनिटं मी झिदानसोबत नव्हतो, हेच खुपतं.

हिंगोली

८ जुलै २०१४, विश्वचषकाची उपांत्य फेरी, ब्राझील १, जर्मनी ७. आपल्याकडं ९ तारीख लागली होती, रात्री दीडला सुरू झाला सामना. आमचा नेमार पाठीचा मणका दुखावून घरी, कर्णधार सिल्वा कार्डांमुळं बाहेर. २३ व्या मिनिटापासून २९ व्या मिनिटापर्यंत जर्मनीचे चार गोल. पाचवा झाल्यावर मी टीव्ही बंद केला. जास्त लिहिणं होत नाही.

नांदेड

२ जुलै २०१०. वसतिगृहात आम्ही सगळे ब्राझीलवाले. संध्याकाळच्या सामन्यात हॉलंडनं ब्राझीलला २-१ नं काढलं. मेसमध्ये कुणी जेवलं नाही. रात्री बाराला उरुग्वे-घाना होता. नुसतं दुःख हलकं करायला म्हणून घानाच्या बाजूनं बसलो आणि तासाभरात खरोखरच घानाचे झालो. आफ्रिकेचा एकही संघ तोवर उपांत्य फेरीत गेला नव्हता, आणि विश्वचषक भरला होता दक्षिण आफ्रिकेतच.

१-१. जादा वेळेचं शेवटचं मिनिट. घानाच्या अडियाचा हेडर गोलात चाललेला आणि उरुग्वेच्या सुआरेझनं रेषेवर उभं राहून दोन्ही हातांनी तो अडवला. लाल कार्ड, पेनल्टी. आम्ही खाटांवर उभे. घानाच्या ग्यानचा फटका दांडीवर आदळून वर गेला. कॅमेरा सुआरेझकडं वळला, तो बोगद्यापाशी नाचत होता.

पण लोक पुढचं विसरतात, म्हणून मुद्दाम लिहितो. काही मिनिटांत शूटआउट सुरू झालं आणि घानाची पहिली पेनल्टी मारायला पुन्हा ग्यानच आला. आणि मारली त्यानं, गोल केला. एवढं झाल्यावर चालत परत त्या ठिपक्यापाशी जायचं, याला काळीज लागतं. घाना ४-२ नं हरलं. सुआरेझनं नियमाप्रमाणं शिक्षा भोगली, असं म्हणणारे भेटतात. मला ते कधीच पटलेलं नाही. जो गोल होणारच होता, त्याच्या बदल्यात फक्त एक संधी मिळते, ही भरपाई नव्हे.

छत्रपती संभाजीनगर

मी गोलकीपर. आमखास मैदानावर खेळत वाढलो. त्यामुळं माझी हार एका गोलकीपरची आहे. २० डिसेंबर २०१५, आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) अंतिम सामना, गोवा-चेन्नईयिन, गोव्यातल्या फातोर्डा मैदानावर. गोव्याच्या गोलात लक्ष्मीकांत कट्टीमनी. त्याच सामन्यात त्यानं पेनल्टी अडवलेली. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेनं गोव्याला २-१ असं पुढं नेलं. स्वतःचं घर, स्वतःचं मैदान, तीन मिनिटं राहिलेली. ९० व्या मिनिटाला चेंडू कट्टीमनीच्याच अंगाला लागून आत गेला. लगेच मेंडोझाचा गोल. चेन्नईयिन ३-२.

पुढच्या फळीतल्यानं दहा संधी घालवल्या तरी अकरावीवर त्याचं नाव होतं. आमची एक चूक आणि आधीचं सगळं पुसलं जातं. तालुक्याच्या एका स्पर्धेत माझ्या पायांमधून असाच चेंडू गेला होता. परतीच्या जीपमध्ये कुणी काही बोललं नाही, ते बोलण्यापेक्षा जड होतं. त्या रात्री मला कट्टीमनीच्या जीपचाच विचार येत होता.

२० मार्च २०२२, पुन्हा फातोर्डा, पुन्हा अंतिम सामना. आता तो हैदराबादकडून, समोर केरळ. शूटआउटमध्ये त्यानं केरळच्या तिघांना अडवलं, हैदराबाद ३-१. मी घरात एकटा ओरडलो. बायको म्हणाली, आपलं कोण जिंकलं? म्हटलं, गोली.

बीड

वरच्या दादांनी हैदराबादचा विषय काढला म्हणून लिहितो. तो संघ आमच्या पुण्याच्या जागी आला.

शिकायला पुण्यात होतो. एफसी पुणे सिटी २०१८ ला पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. ७ मार्चला बालेवाडीत बंगळुरूशी ०-०. त्या दिवशी माझ्या शेजारी अंबाजोगाईचा एक जण बसला होता, बोलण्यावरून ओळखला. ११ मार्चला परतीचा सामना बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर. खोलीतल्या सगळ्यांनी फोनवर बघितला. बंगळुरूच्या छेत्रीचे तीन गोल. मध्ये आमच्या लुकाच्या फ्री किकनं ८२ व्या मिनिटाला २-१ झालं तेव्हा काही मिनिटं वाटलं की होतंय. ३-१.

तेव्हा मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. २०१९ मध्ये संघच बंद झाला. अशी हार कुठं ठेवायची सांगा. बदला घ्यायला संघ नाही, शिव्या द्यायलाही नाही. माझ्याकडं बालेवाडीचं तिकीट आहे अजून, शाई उडत चाललीय.

परभणी

@बीड, ते तिकीट प्लास्टिकमध्ये घाल, उन्हापासून लांब ठेव. कागद पिवळा पडला तरी चालेल.

लातूर

मी स्वतः फार बघत नाही, भावाचं सांगते. तो अर्जेंटिनाचा. २०१४ ला जर्मनीनं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ११३ व्या मिनिटाला काढलं, २०१५ च्या कोपा अमेरिकाच्या (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) अंतिम सामन्यात चिलीनं शूटआउटवर काढलं. २७ जून २०१६, पुन्हा कोपाचा अंतिम सामना, पुन्हा चिली. अमेरिकेत होता, म्हणून आपल्याकडं पहाटे साडेपाचला.

त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आणि गल्लीत टँकर येईल तेव्हा येईल. सामना ०-०, जादा वेळही ०-०. आठ वाजून गेले आणि टँकरचा हॉर्न वाजला. आई घागरी घेऊन पळाली. बाहेरून ओरडली, "आरं काय करायलास तिथं? नंबर जायलाय!"

चिलीच्या विदालनं पहिलीच पेनल्टी घालवली. भाऊ उड्या मारत बाहेर आला, नळी टिपाडात सोडली आणि परत आत पळाला. मेस्सी मारायला येत होता. मी दारातून बघितलं. चेंडू दांडीच्या कितीतरी वरून गेला. मेस्सीनं जर्सी तोंडात धरली. भाऊ टीव्हीसमोर उकिडवा बसला, तो तसाच राहिला. पुढं बिग्लियाची अडवली, चिली ४-२. त्याच दिवशी मेस्सी म्हणाला की राष्ट्रीय संघासाठी आता खेळणार नाही. पुढं तो परत आला, २०२२ ला विश्वचषक जिंकलाही, पण त्या सकाळी भावाला ते कुठं माहीत होतं.

मी बाहेर गेले तेव्हा नळी टिपाडातून निसटून मातीत पडलेली होती. आई काही बोलली नाही. तिनं नळी उचलली आणि उरलेलं पाणी घागरीत घेतलं. आमची दोन टिपाडं भरली त्या दिवशी. तिसरं रिकामं राहिलं.