पाच वर्षांच्या मुलीसाठी ई-रीडर घ्यावा की टॅबलेट?

प्रश्न: मराठी चित्रपुस्तकं वाचायची आहेत, बहुतेक पीडीएफमध्ये आहेत. सहा इंची किंडल ई-रीडर पुरेल का?

उत्तर १: नाही पुरणार. चित्रपुस्तकाचं पान तिथे आक्रसतं, अक्षर मुंगीएवढं होतं. पीडीएफमध्ये नुसतं अक्षर वाढवता येत नाही, अख्खं पान मोठं करून सरकवत बसावं लागतं. साध्या ई-इंकवर, म्हणजे ई-रीडरच्या कागदासारख्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर, रंगही नाहीत. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यावर काळी अक्षरं ३०० पीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), पण रंग १५० पीपीआय आणि फिकेच. या वयाला १० इंची टॅबलेटच बरा.

उत्तर २: सहमत. फक्त अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप पिनिंग’ (पडद्यावर एकच ॲप अडकवून ठेवण्याची सोय) सुरू करा आणि बाहेर पडायला पिन लावा, नाहीतर गोष्ट बाजूला राहून व्हिडिओ सुरू होतात. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत उतरवून घेता येतात.

उत्तर ३: पीडीएफचं ईपब (अक्षर लहान-मोठं करता येणारं ई-पुस्तक) करायच्या फंदात पडू नका. युनिकोड (सगळ्या उपकरणांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधलं मराठी कन्व्हर्ट केलं की निरर्थक चिन्हं उरतात. मुलगी सलग परिच्छेद वाचू लागली की ई-रीडर घ्या, आणि कडक कव्हर त्याच दिवशी. दप्तरात दाब आला तरी आतली काच तडकते, बाहेरून काही दिसत नाही, पण पडद्यावर कायमच्या रेघा उमटतात.