मदत हवी आहे: विज्ञानाची व्यंगचित्रं वाचनालयाच्या भिंतीवर लावायची आहेत

हळदीची_वखार (सांगली):

नमस्कार मंडळी,

आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यातले निम्मे जण एकमेकांना अजून प्रत्यक्ष भेटलेले नाहीत. एक ताई साताऱ्याच्या, एक गुरुजी कऱ्हाडचे, दोघं पुण्यात नोकरीला, एक जण मस्कतला आणि मी इथे विश्रामबागला. उद्योग एकच: विज्ञानावरची व्यंगचित्रं पाठवायची आणि त्यावर झोप येईपर्यंत भांडायचं. सुप्रभात, राजकारण आणि वाढदिवसाचे केक या ग्रुपवर चालत नाहीत, त्यामुळे वातावरण बरं आहे.

आता घराजवळच्या वाचनालयाने एक भिंत देऊ केलीय. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, त्यानिमित्त आठवडाभर तुमची चित्रं लावा म्हणतायत. रामन परिणामाचा शोध १९२८ साली त्या दिवशी लागला म्हणून तो दिवस. एरवी रामन यांच्या फोटोला हार, अध्यक्षांचं भाषण आणि बिस्किटाचा पुडा यात तो संपतो. म्हटलं, यंदा मुलं निदान हसतील तरी.

होकार देऊन बसलो आणि मग कळलं की फोनवर पाठवणं वेगळं आणि भिंतीवर लावणं वेगळं.

पहिला घोळ चित्रकाराच्या नावाचा. आमच्याकडे जमलेल्या चित्रांपैकी बऱ्याच चित्रांचा खालचा कोपराच गायब आहे. सही कापून तिथे कुठल्या तरी पेजचा शिक्का मारलेला. हे काढलं कोणी, कधी, काही पत्ता नाही. आणि नाव कळलं तरी परवानगीचं काय? तिकीट नाही, विक्री नाही, फक्त भिंत. तरीही विचारावं लागतं का?

दुसरा घोळ डासाचा. गॅरी लार्सन नावाच्या अमेरिकन व्यंगचित्रकाराचं एक जुनं चित्र आहे. डास दिवसभराचं काम उरकून ऑफिसातून आल्यासारखा घरी येतो आणि आज किती जणांना मलेरिया दिला ते बायकोला सांगतो. मस्कतवाल्याने ते टाकलं, आम्ही हसलो आणि दहा मिनिटांत साताऱ्याच्या ताईंचा निरोप आला, ‘नर चावत नाही.’ बरोबरच आहे. अंडी घालायला रक्तातली प्रथिनं मादीला लागतात, नर बिचारा फुलांचा रस पिऊन जगतो. गंमत म्हणजे लार्सनलाही वाचकांनी हेच कळवलं होतं. त्यावर त्याचं म्हणणं असं की डास घरात राहतात, कपडे घालतात, आपसात बोलतात, याबद्दल मात्र कोणाची तक्रार नव्हती! आता आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो चित्र लावा, दुसरा म्हणतो मुलं चुकीचं शिकतील. आमच्याकडे पावसाळ्यानंतर आरोग्य खात्याची माणसं घरोघरी फ्रीजमागच्या ट्रेमध्ये बॅटरी मारून अळ्या शोधत फिरतात, तेव्हा डास हा इथे गमतीचा विषय कमीच.

तिसरं, मंगळयानाचं चित्र. सप्टेंबर २०१४ मध्ये यान मंगळाच्या कक्षेत पोचलं आणि चारच दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये ते आलं: मुंडासंवाला शेतकरी गाय घेऊन अंतराळवाल्यांच्या उच्चभ्रू क्लबचं दार ठोठावतोय, आत दोघं कोटवाले बसलेत. वाचकांनी इतकं झोडपलं की पेपरला माफी मागावी लागली. हे लावायचं, की उगाच वाद नको?

इंग्रजी शब्दखेळावर उभी असलेली चित्रं आम्ही आधीच बाद केलीत, ती सुचवू नका. बाकी काहीही सांगा.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा):

ताई, आधी हक्काचं बोलतो, कारण लोक तिथेच गाफील असतात. ‘विक्री नाही म्हणजे चालतं’ असं नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि खालची ओळ मराठीत करणं हासुद्धा त्याच हक्काचा भाग. तेव्हा जिवंत किंवा अलीकडे गेलेल्या चित्रकाराचं काम असेल तर सरळ मेल टाकून विचारा. शाळा-वाचनालयाला लोक सहसा आनंदाने हो म्हणतात, फक्त आधी विचारलेलं हवं.

लार्सनच्या बाबतीत जास्तच जपा. त्याने चाहत्यांना जाहीर पत्र लिहून चित्रं इंटरनेटवर टाकू नका अशी विनंती केली होती. स्वतःचं अधिकृत संकेतस्थळ काढलं ते थेट डिसेंबर २०१९ मध्ये. तिथे चित्र सापडलं तर ग्रुपवर दुवा द्या, स्क्रीनशॉट नको.

उलट टोकाला एक्सकेसीडी. काड्यांच्या माणसांची ही मालिका रँडल मन्रो २००५ पासून काढतोय, त्याआधी तो नासासाठी रोबॉटवर काम करायचा. त्याने परवाना उघड दिलाय: नाव द्या, धंदा करू नका, मग छापा, भाषांतरही करा. तुमच्या भिंतीला याहून सोयीचं काही नाही. फक्त मूळ पानावर जाऊन घ्या. तिथे चित्रावर माऊसचा बाण नेला की आणखी एक ओळ उमटते आणि बऱ्याचदा खरा टोला तिच्यातच असतो. फॉरवर्ड होऊन आलेल्या चित्रात ती नसतेच.

सही कापलेल्यांसाठी गूगल लेन्सवर चित्र टाका आणि निकालांतली सर्वांत जुनी तारीख बघा. सर्वांत मोठ्या आकाराचं चित्र मिळालं तर त्यात सहसा सही शाबूत असते. एवढं करून नाव मिळालं नाही तर ते चित्र लावू नका. भिंत काही ओस पडत नाही.

प्रीतिसंगम (कऱ्हाड):

तो ‘कऱ्हाडचा गुरुजी’ मीच, त्यामुळे घरचं भांडण चव्हाट्यावर आणतोय असं समजा.

एक चित्र मात्र डोळे मिटून लावा. जेम्स गिलरेचं, १८०२ सालचं. चित्रकार १८१५ ला वारला, म्हणजे हक्काचा प्रश्न मिटला. लंडनच्या वेलकम संग्रहाच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात मिळतं. एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने १७९६ मध्ये देवीच्या रोगावर गोस्तनदेवीची, म्हणजे गाईला होणाऱ्या देवीची, लस टोचून दाखवली आणि लोकांत भीती पसरली की गाईचं काही अंगात घेतलं तर आपणच गाय होऊ. गिलरेने तेच काढलंय. मधे खुर्चीत एक घाबरलेली बाई, डॉक्टर तिच्या दंडाला टोचतोय आणि भोवतालच्या लोकांच्या हातातून, तोंडातून, नाकातून चिमुकल्या गाई बाहेर पडतायत. मुलांना या चित्रासमोरून हलवावं लागतं, इतकी ती त्यात गाई मोजत बसतात.

त्याच १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली, ती भारतातली पहिली. तिच्या दंडावरच्या फोडातली लस पुढे इतर गावांना गेली. ही दोन वाक्यं चित्राखाली लिहा आणि बाजूला कोरा कागद लावा: ‘लशीबद्दल तुमच्या घरी काय काय ऐकलं होतं?’ कोविडची सगळी वर्षं त्या कागदावर उतरतील.

मंगळयानाचं म्हणाल तर माझं मत आहे, चित्रकाराची आणि पेपरची परवानगी मिळाली तर लावा. त्याला उत्तर म्हणून मुलांना दुसरं चित्र काढायला सांगा. राग आलाय ना, मग तो पेन्सिलीत उतरू दे.

नर_डास (मिरज):

आयडी याच धाग्यासाठी घेतलाय, माफी असावी.

डासाच्या चित्रावर दोन्ही तटांना माझा एकच प्रश्न: चित्र बघणाऱ्याला त्यातलं काय खोटं आहे हे आपोआप कळतं का? डास कपडे घालत नाही हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं, त्यामुळे त्या थापेत कोणी फसत नाही. नर चावत नाही हे मात्र आमच्या गल्लीत विचाराल तर निम्म्यांना माहीत नसेल. ती चूक गुपचूप आत शिरते. व्यंगचित्राने थाप मारायला माझी हरकत नाही, पण ती थाप आहे हे दिसलं पाहिजे. लार्सनचा बचाव ऐकायला झकास आहे, पण पटत नाही.

तरी मी म्हणेन, परवानगी मिळाली तर लावाच. खाली पाटी: ‘या चित्रात विज्ञानाची एक चूक आहे, शोधा.’ शेजारी नर आणि मादीच्या डोक्याची दोन मोठी चित्रं. नराच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार, मादीच्या विरळ. ज्याने एकदा बघितलं तो भिंतीवर बसलेला डास मारायच्या आधी चष्मा पुसतो. माझ्या बायकोचा अनुभव आहे.

आणि लार्सनबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. शास्त्रज्ञांचं त्याच्यावर एवढं प्रेम की घुबडाच्या अंगावर राहणाऱ्या एका उवेच्या जातीला त्याचं नाव दिलंय.

टोपली_कारवी (सातारा):

सगळी चित्रं बाहेरचीच का? शि. द. फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली होती, ती आमच्या पिढीला आकडेमोडीपेक्षा जास्त लक्षात आहेत. बहुतेक वेळा एक शब्द न लिहिता माणूस हसवायचा. तसं काही इथलं, आपलं काढा की.

कास पठारावर सप्टेंबरात सीतेची आसवं फुलतात. निळी-जांभळी, नाजूक, बघून माणूस हळवा होतो. पण ही वनस्पती मांसाहारी आहे. जमिनीलगतच्या चिखलात तिचे बारीक फुगे असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या दाराजवळच्या केसांना लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो, डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी. आता चित्र असं: वर पर्यटक गुडघ्यावर बसून फुलाचा फोटो काढतोय, ‘किती निरागस!’ आणि खाली चिखलात जेवणाची पंगत बसलीय. काढणारं कोणी असेल तर कल्पना फुकट घ्या, मला चित्रकलेत जेमतेम पासापुरते मिळायचे.

हळदीची_वखार (सांगली):

वा, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. गुरुजी, तुम्ही ग्रुपवर गप्प आणि इथे एवढं बोलता होय?

तर असं ठरवतेय. गिलरे नक्की, मधोमध, सगळ्यांत मोठा. एक्सकेसीडीमधली चार-पाच, ओळी मराठीत करून आणि ती लपलेली ओळ खाली वेगळ्या शाईत. लार्सन आणि मंगळयान दोन्हींसाठी आज मेल टाकते. उत्तर नाही आलं तर चित्र लागणार नाही, पण डासाच्या मिशा लागतीलच, त्या आम्ही स्वतः काढू. ‘चूक शोधा’ची पाटी मला फार आवडली, ती आणखी एक-दोन चित्रांना चालेल. त्यातून दोन्ही तटांचं समाधान होतंय. साताऱ्याच्या ताईंना विचारलं, ‘ठीक’ एवढंच आलं. म्हणजे होकार.

कारवीताई, तुमची पंगत घेतली. जोडीला आमच्याकडून कृष्णेवरचा आयर्विन पूल. पाऊस सुरू झाला की अख्खी सांगली पाणी फुटात मोजते: चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. पुलावर गर्दी, जो तो वेगळा आकडा सांगतोय आणि खाली मोजपट्टीशेजारी मासा चष्मा लावून खरा आकडा वाचतोय. मासा चष्मा लावत नाही हे कळतं, तेव्हा मिरजकरांची हरकत नसावी.

आता दोनच गोष्टी राहिल्या. सांगली-मिरजेत चित्र काढणारं कोणी ओळखीचं आहे का, शिकणारी मुलं असतील तर उत्तमच, मानधन थोडं पण देऊ. आणि गिलरे दोन फूट रुंद, चकाकणार नाही अशा कागदावर छापायचाय, ट्यूबलाइट भिंतीच्या बरोबर समोर आहे. कुठे बरं काम होतं ते मला व्यक्तिगत निरोपाने कळवा.