डी अँड डी: पार्टीकडे सोनं नुसतं साचतंय, खजिन्याला किंमत कशी आणायची?

तळघर_डीएम
नमस्कार मंडळी. मी डीएम आहे, म्हणजे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलावर बसून गोष्ट रचत खेळायच्या गेममध्ये गोष्ट चालवणारा. फिफ्थ एडिशन (नियमांची पाचवी आवृत्ती) चालवतोय, २०१४ चीच पुस्तकं, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) सातव्या लेव्हलला पोचलीय आणि सोन्याचं कुणाला काही सोयरसुतकच राहिलेलं नाही. सुरुवातीला ५० गोल्डचं (सोन्याच्या नाण्यांचं) एक हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) घ्यायचं तर सगळे मिळून वर्गणी काढायचे, फायटरवाला (योद्ध्याचं पात्र खेळणारा) प्लेट आर्मरसाठी (पोलादी चिलखतासाठी) १५०० गोल्ड जमवत होता तेव्हा प्रत्येक पेटी उघडताना टेबलावर सगळे पुढं सरकून बसायचे. आर्मर आलं आणि विषय संपला. आता मी जीव तोडून वर्णन करतो, मशालीच्या उजेडात चमकणारी नाणी, गंजलेले मुकुट वगैरे, आणि समोरून एकच प्रश्न येतो, "टोटल किती?" रोगवाली (रोग म्हणजे चोर-हेराचं पात्र) आपल्या पात्राच्या शीटवर आकडा वाढवते, चला पुढं. मॅजिक आयटमचं दुकान मला उघडायचं नाहीये, कारण मग जादूची तलवार किराणा मालासारखी होते, तिचं अप्रूपच जातं. लूट कमी केली तर पोरं हिरमुसतात. तुमच्या टेबलावर खजिन्याला किंमत कशामुळं येते?

जुनी_एडिशन
अरे हे नियमांतूनच आलंय. १९७४ च्या मूळ गेममध्ये आणि नंतरही बरीच वर्षं एक गोल्ड सुखरूप बाहेर आणलं की एक एक्सपी (अनुभवाचा गुण, पुरेसे जमले की लेव्हल चढते) असा हिशोब होता, राक्षस मारून थोडंफारच मिळायचं, खरी लेव्हल चढायची ती सोन्यानं, त्यामुळं लढाई टाळून मागच्या वाटेनं खजिना उचलून आणणारी पार्टी हुशार समजली जायची. वर एडी अँड डी (ॲडव्हान्स्ड डी अँड डी, नंतरची आवृत्ती) मध्ये गेमचा एक जनक गायगॅक्स यानं लेव्हल चढायला ट्रेनिंगची फी लावली होती, आठवड्याला १५०० गोल्ड गुणिले लेव्हल, म्हणजे पाचव्या लेव्हलचा माणूस एका आठवड्याचे ७५०० मोजायचा. आणि नवव्या लेव्हलला फायटर गढी बांधून आसपासच्या मुलखाचा मालक व्हायचा, तेव्हा तर तिजोरी साफ. पुढच्या एडिशन्सनी सोनं जिथं जायचं त्या वाटा एकेक करून बुजवल्या, खजिन्याची टेबलं मात्र ठेवली, मग साचणारच ना.

माझा उपाय गेमचा दुसरा जनक आर्नेसन याचा आहे. त्याच्या ब्लॅकमूर नावाच्या खेळात सोनं नुसतं मिळवून भागत नसे, ते खर्च केलं की एक्सपी मिळायचे, ते पण कॅरेक्टरला ज्या गोष्टीची ओढ आहे त्यावर. तुझ्याकडे सातव्यावरून आठव्याला जायला ११००० एक्सपी लागतात, तेव्हा खर्च केलेल्या गोल्डला एक एक्सपी दिला तरी काही आभाळ कोसळत नाही. अट एकच, त्या खर्चातून शस्त्र, पोशन, बोनस असं काही मिळता कामा नये. गावजेवण घाल, बापाचं कर्ज फेड, देवळाला घंटा दे, जुगारात घालव, काहीही. आमच्या क्लेरिकनं (पुजाऱ्याचं पात्र) सगळा हिस्सा एका बंदरावरच्या अनाथाश्रमाला दिला, तिथल्या एकेका पोराला नाव दिलं, आणि पुढं त्याच बंदरावर हल्ला झाला तेव्हा टेबलावर कुणीही "टोटल किती" विचारलं नाही.

केशर_व्यापारी
वरचं पटलं, पण मी त्याच्या आधीचं सांगते. तुम्ही नाणी देताय म्हणून ते आकडा विचारतात. नाण्यांबद्दल दुसरं विचारणार काय? २५० गोल्ड देण्याऐवजी २५० गोल्डची एक वस्तू द्या आणि ती नीट दाखवा. मी एकदा चांदीचा कंगवा दिला होता, एल्फांच्या घडणीचा, दोन दाते तुटलेले, मुठीवर कोरलेला बगळा आणि दातांत अडकलेला एक लांब पांढरा केस. बस्स, एवढंच. विझर्डनं (जादूगारानं) तो केस काढून कागदात गुंडाळून ठेवला, रोगनं बगळा कुठल्या घराण्याचा ते शोधायला सुरुवात केली, आणि विकायचं नाव कुणी काढेना. पुढच्या शहरात त्या घराण्याची म्हातारी भेटली तेव्हा कंगवा परत द्यायचा की किंमत मागायची यावर पॅलाडिन (धर्मयोद्धा) आणि रोगचं असं वाजलं की अख्खं सेशन त्यातच गेलं, आणि माझ्या मते तो आमच्या कॅम्पेनचा (सलग चालणाऱ्या खेळाचा) सगळ्यात भारी खजिना होता.

दुसरं म्हणजे माल द्या. प्लेअर्स हँडबुकमध्ये (खेळाडूंच्या नियमपुस्तकात) व्यापाराच्या मालाचे भाव आहेत, तिकडे कुणी बघतच नाही. एक पौंड केशर १५ गोल्ड, लवंग ३, मिरी २. दरोडेखोरांच्या अड्ड्यावर नाण्यांच्या पेटीऐवजी केशराच्या एकेक पौंडाच्या वीस पिशव्या सापडू देत, ३०० गोल्डचा माल आहे. आता नदी ओलांडताना तो भिजणार नाही हे बघा, गिऱ्हाईक शोधा, आणि ज्या व्यापाऱ्याचा तांडा लुटला गेला होता तो बाजारात समोर उभा राहिला तर काय करणार ते ठरवा.

सराफ_कट्टा
खूप जण वजनाचा नियम लावायला सांगतील. माझा अनुभव वेगळा आहे. फिफ्थमध्ये ५० नाणी म्हणजे एक पौंड, त्यामुळं दहा हजार तांब्याची नाणी म्हणजे २०० पौंड ओझं आणि किंमत फक्त १०० गोल्ड, हा प्रसंग एकदा मजेचा होतो. नंतर बॅग ऑफ होल्डिंग (जादूची पिशवी) येते, तिच्यात ५०० पौंड मावतात, आणि वजन हा निव्वळ हिशोबाचा ताप होऊन बसतो. त्यात वेळ घालवू नका.

त्यापेक्षा नाण्यावर मुद्रा कुणाची आहे ते सांगा. तीनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या राज्याचं नाणं बाजारात सरळ चालत नाही. सराफाकडं जावं लागतं, तो कसाला लावून बघतो, बट्टा कापतो आणि मुख्य म्हणजे विचारतो की हे आणलंत कुठून. पाच हजार जुनी सोन्याची नाणी एका दिवसात बाजारात आली की संध्याकाळपर्यंत चोरांना, राजाच्या वसुलीवाल्यांना आणि त्या थडग्याचे वारस म्हणवणाऱ्यांना खबर लागते. मग हुंडी करून दुसऱ्या शहरात पैसे उचलायचे की इथंच कुणाला तरी वाटा देऊन तोंड बंद करायचं? माझ्या टेबलावर सराफ हा सगळ्यात लाडका एनपीसी (डीएम स्वतः चालवतो ते पात्र) आहे, त्याला नाव द्या, घर द्या, दुखणारा गुडघा द्या.

तळघर_डीएम
मस्त, खूप खूप आभार सगळ्यांचे. सराफ आणि कंगवा दोन्ही उचलतोय. एक शंका राहिली. सध्या शीटवर जे नऊ हजार गोल्ड पडलंय त्याचं काय करू? ते काढून घ्यायचं नाहीये, त्यांनी ते कष्टानं मिळवलंय.

रिव्हिव्हिफाय
काढून घेऊच नका, खर्च करावंसं वाटेल असं काहीतरी समोर ठेवा. डीएम्स गाइडमध्ये (२०१४) बांधकामाचे दर आहेत, गिल्डचं सभागृह ५००० गोल्ड आणि ६० दिवस, छोटा कोट बांधायचा तर १५००० आणि १०० दिवस. तुमची पार्टी नेमकी मधे आहे, म्हणजे एक गोष्ट आज परवडते आणि दुसरीसाठी अजून एक मोहीम लागते, याच्याइतकी चांगली जागा नाही. साधा मजूर दिवसाला २ सिल्व्हर (चांदीची नाणी) घेतो, कसबी कारागीर २ गोल्ड. त्यांनी वाचवलेल्या गावाची जळालेली गिरणी उभी करायला दहा सुतार महिनाभर लावले तर ६०० गोल्ड होतात. हा आकडा त्यांना सरळ सांगा, गावच्या पाटलाच्या तोंडून, आणि गप्प बसा. माझ्याकडं तर पोरांनी स्वतःहून वर विहिरीचे पैसे घातले.

आणि हिऱ्यांकडं लक्ष द्या. मेलेल्याला उठवणारे मंत्र आहेत, त्यातल्या रिव्हिव्हिफायला ३०० गोल्डचा हिरा लागतो, रेज डेडला ५०० चा, आणि तो जळून जातो. बहुतेक डीएम तेवढे गोल्ड वजा करून मोकळे होतात. तसं करू नका, हिरा हा खराखुरा हिरा असू दे, लहान गावात मिळतच नाही असा. आमचा फायटर मेला तेव्हा पार्टीकडं चार हजार गोल्ड होतं आणि अख्ख्या गावात एकच हिरा, कुंभाराच्या विधवेच्या अंगठीत, नवऱ्याची आठवण. तिला पैसे नको होते. क्लेरिक तिच्या ओट्यावर जाऊन बसली, मेलेला माणूस कोण होता, कुणासाठी लढला ते सांगत राहिली, बाकी सगळे चिडीचूप ऐकत होते. शेवटी म्हातारीनं अंगठी दिली ती या बोलीवर की तो उठला की तिच्या मुलाला शोधायला जाईल, सैन्यात गेलेला तो परत आलेला नव्हता. पुढची सगळी मोहीम त्या मुलाच्या मागावर गेली.