जुन्या पॅलिओचं स्टिअरिंग चपळ करावं का?

मुलुंडचा पॅलिओवाला

माझ्याकडे फियाट पॅलिओ १.६ आहे, सुरुवातीच्या काळातली, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. इंजिन १०० बीएचपीचं आणि अजून ठणठणीत. गाडी रस्ता घट्ट धरून चालते. खटकतं ते एकच: स्टिअरिंग फार फिरवावं लागतं. जुन्या हायवेने खंडाळा चढताना वळणामागून वळण आलं की हातावर हात टाकावे लागतात, आणि नाक आत वळेपर्यंत अर्धं वळण संपलेलं असतं. फियाटच्याच घराण्यातल्या अल्फा रोमिओ १५६चं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण २.२ फेऱ्यांत जायचं. म्हणजे हे जमतं, फक्त आपल्या वाट्याला आलं नाही.

माझा बेत असा: रॅक (चाकं वळवणारी दातेरी दांडी) उतरवून जास्त दात्यांचं पिनियन (त्या दांडीला सरकवणारं लहान दातेरी चाक) बनवून घ्यायचं. इंजिनची ताकद वाढवून मुंबईत वापरणार कुठे? कोस्टल रोडवर मर्यादा ८०ची आहे. स्टिअरिंग मात्र प्रत्येक वळणाला हातात असतं. जुन्या स्पोर्टी गाडीवर पैसे घालायचे तर ते इथेच घालावेत, असं माझं ठाम मत आहे. विरोध करा, पण कारण द्या.

गॅरेजवाला, ठाणे

दादा, कारण देतो. तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एकत्र केल्या आहेत. हातावर हात टाकावे लागतात ही रेशोची, म्हणजे चाकं वळायला स्टिअरिंग किती फिरवावं लागतं त्याची तक्रार. नाक उशिरा वळतं ही ढिलाईची तक्रार. पिनियन बदलून पहिली जाईल, दुसरी तशीच राहील.

तुमचा हात आणि टायर यांच्या मधे काय काय आहे बघा. कॉलमचा (स्टिअरिंगखालच्या दांड्याचा) सांधा म्हणजे क्रॉस, रॅक ज्या रबरांवर बसवलाय ती रबरं, रॅक चाकाला जोडणाऱ्या टायरॉडचं टोक म्हणजे टायरॉड एंड, बॉल जॉइंट, चाक खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) आणि शेवटी टायरची भिंत. वीस वर्षांच्या गाडीत यातल्या प्रत्येकाने थोडं थोडं खाल्लेलं असतं. तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा आधी रॅकच आपल्या जागेवर सरकतो, मग आर्म मागे दबतो, मग टायर मुरगळतो, आणि त्यानंतर गाडी वळते. लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला असेल तर जगातला कुठलाही क्विक रॅक लावा, गाडी उशिराच ऐकणार.

गाडी जॅकवर घ्या, पुढचं चाक डावी-उजवीकडून धरून हलवा, तेवढ्यात दुसऱ्या कुणालातरी टायरॉडवर हात ठेवायला सांगा. खेळ, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, लगेच हाताला लागतो. आधी सगळे बुश, रॅकची रबरं, टायरॉड एंड नवे टाका. टायर सहा-सात वर्षांचे असतील तर नक्षी शिल्लक असली तरी बदला, कडक झालेलं रबर पकडत नाही. मग चांगल्या ठिकाणी अलाइनमेंट करा. हे सगळं झाल्यावर पुन्हा खंडाळ्याला जा, आणि तेव्हा ठरवा.

घाटवेडा

काका, बुश बदलायलाच हवेत, मान्य. पण कंपनीने दिली होती तशी नवीकोरी गाडी झाली तरी रेशो संथच राहणार ना? ज्याला चपळ गाडी हवी आहे त्याला 'आधी मूळ स्थितीत आणा' सांगणं म्हणजे भूक लागलेल्याला हात धुवायला पाठवणं. मी तर म्हणतो पुढच्या चाकांना जरासा टो-आउट द्या (पुढच्या बाजूने किंचित बाहेर फाकवा), ३७ सेंटिमीटरचं स्टिअरिंग काढून ३३चं लावा, आणि नकलवरचा (चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) स्टिअरिंग आर्म आखूड करून घ्या. रॅक उघडायचीही गरज नाही.

गॅरेजवाला, ठाणे

आर्म आखूड करायचा म्हणजे नकल कापून वेल्डिंग करायचं. हे मी कुणाला करून देणार नाही आणि करूही देणार नाही. तो भाग मुद्दाम एकसंध बनवलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने धातू बाजूला ठिसूळ होतो आणि खड्ड्यात आपटून तुटला तर चाक आपल्या मनाने वळतं. शिवाय आर्मची लांबी आणि कोन बदलला की वळणात आतलं आणि बाहेरचं चाक किती वळावं याचा हिशोबही बिघडतो.

टो-आउटने नाक पटकन आत जातं हे खरं. पण सरळ रस्त्यावर गाडी भटकते आणि टायर आतल्या कडेने झिजतात. लहान स्टिअरिंगने रेशो तसूभरही बदलत नाही, हात कमी अंतर जातो इतकंच. आणि मूळ चाकात एअरबॅग असेल तर तीही जाते.

रोज अंधेरी–फोर्ट

माझा विरोध वेगळा आहे. तुम्ही सगळे घाटाचं बोलताय, गाडी चालते कुठे? पावसाळ्यात वेस्टर्न एक्सप्रेसवर डाव्या बाजूला पाणी साठतं, डावं चाक त्यात गेलं की स्टिअरिंग हातात ओढलं जातं. रेशो जितका जलद तितका तो झटका हाताला मोठा. पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्या आणि उड्डाणपुलांचे सांधे आहेतच. दीड-दोन तास रोज चालवणाऱ्याला संथ स्टिअरिंग शांत वाटतं, आणि तो शांतपणा मला सुरक्षितता वाटतो. घरच्या दुसऱ्या कुणी ही गाडी घेतली तर? ज्याला सवय नाही तो घाबरून जास्त फिरवणार.

मुलुंडचा पॅलिओवाला

ताई, घरच्यांचा मुद्दा मनाला लागला, त्याचा विचार करेन. पण झटक्याचं मला पटत नाही. रस्ता हाताला कळणं हेच तर जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगचं सुख आहे. आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमधे ते पुसून टाकलंय म्हणूनच मी ही गाडी जपतोय.

काका, समजा सात दात्यांचं पिनियन आठ दात्यांचं केलं, तर तीन फेऱ्यांचं स्टिअरिंग साधारण २.६ फेऱ्यांवर येतं. तेवढंच हवंय. रेसिंगचं २:१ क्विकनर (फेऱ्या निम्म्या करणारा गिअर) कॉलममधे टाकायचा विचारही नाही, त्यासाठी कॉलम कापावा लागतो.

गॅरेजवाला, ठाणे

हिशोब बरोबर, पण लोखंडाचं ऐका. त्याच मापाचे दाते एकाने वाढवले की पिनियनचा व्यास वाढतो, आणि हाउसिंगमधे, म्हणजे रॅकच्या बाहेरच्या कवचात, त्याला जागा नसते. मग रॅकची दांडीही त्या मापाने नवी करावी लागते. दोन्ही नीट हार्डनिंग केलेली (तापवून कडक केलेली) हवीत. लेथवाल्याकडून कापून आणलेलं पिनियन महिन्याभरात दाते सोडतं, आणि स्टिअरिंगचे दाते सुटणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

पंपही बघा. रॅक वेगाने सरकला की तेलही त्याच वेगाने लागतं. पार्किंगमधे इंजिन आयडलला असताना झटकन फिरवलंत आणि पंप पुरा पडला नाही, तर स्टिअरिंग मधेच दगडासारखं जड होतं. आठ दात्यांनी हाताला लागणारा जोर साधारण १४ टक्के वाढेल, वर ते ३३चं स्टिअरिंग लावलंत तर मिळून सव्वापटीच्या पुढे.

दादरची वकील

कायद्याचं कुणीच बोललं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं आहे. तुम्ही म्हणाल, आरसीत स्टिअरिंगचा रेशो कुठे लिहिलेला असतो? नसतो, आणि तिथे वाद घालायला जागा आहे. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर रॅक उघडून बघेल तेव्हा हा युक्तिवाद तुमचे पैसे आणून देईलच असं नाही. बदल न कळवता केला तर दावा अडकू शकतो.

आणि एक. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ९८: स्टिअरिंगला ३० अंशांपेक्षा जास्त खेळ नको आणि बॉल जॉइंटवर रबरी कॅप हवी. तुमची गाडी १५ वर्षांपुढची, नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना तपासणी होणारच. तेव्हा काकांचे बुश आणि टायरॉड हे नुसतं मत नाही.

घाटवेडा

कायदा खेळ मोजतो, रेशो नाही. म्हणजे वकीलताईंनीच आमची बाजू मांडली.

दादरची वकील

मी कुणाचीच मांडली नाही. करायचं असेल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा आणि उत्तराची प्रत ठेवा.

मुलुंडचा पॅलिओवाला

क्रम काकांचा घेतो: बुश, रॅकची रबरं, टायरॉड, टायर, अलाइनमेंट. पावसाळा संपेपर्यंत तसाच चालवतो. रॅकचा बेत मात्र सोडलेला नाही. दांडी आणि पिनियन जोडीने बनवून हार्डनिंग करून देणारं कुणी चाकण-भोसरीकडे माहीत असेल तर सांगा. जुना रॅक मी कुर्ल्याहून वेगळा आणीन, गाडीचा मूळ रॅक तसाच कपाटात राहील.

गॅरेजवाला, ठाणे

भंगारातला रॅक आणाल तर दांडी सरळ आहे का ते आधी डायल गेज (वाक मोजणारं उपकरण) लावून बघा. वाकलेल्या दांडीवर नवं पिनियन बसवू नका.