मीटरमध्ये एलईडी टाकले, अर्धे पेटतच नाहीत

प्रश्न (म्हापसा): जुन्या गाडीच्या डॅशबोर्डचे पिवळे बल्ब काढून एलईडी टाकले, रात्री चोर्ला घाटात स्पीड दिसतच नव्हता म्हणून. आता चारातले दोनच पेटतात, काय करू?

उत्तर (फोंडा): एलईडीला प्लस-मायनस असतो रे, न पेटणारे काढ, अर्धा फेरा उलटे करून बसव. आणि होल्डरचे कॉन्टॅक्ट बघ, आपल्याकडच्या दमट हवेत हिरवा गंज चढतो, बारीक सॅंडपेपरने हलकेच घास.

उत्तर (मडगाव): बॅटरीच्या लाल दिव्याला मात्र जुनाच बल्ब ठेव हां, बऱ्याच जुन्या गाड्यांत त्यातून जाणाऱ्या करंटवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर सुरू होतो, एलईडीतून तेवढा जात नाही, माझी बॅटरी अशीच उतरली होती.

प्रश्न (म्हापसा): उलटे केले, पेटले! बॅटरीचा बल्ब परत लावतो.