आई-बाबांना रुडेसहाइमला न्यावं का?

प्रश्न: आम्ही फ्रँकफर्टला असतो. पुण्याहून आई-बाबा आलेत. रुडेसहाइम या ऱ्हाईन नदीकाठच्या गावातली केबल कार, जंगलातली वाट आणि ऱ्हाईनवरची बोट एका दिवसात जमेल का? आईचे गुडघे दुखतात, लेक लहान आहे.

उत्तर: जमतं, नक्की जा! केबल कार द्राक्षमळ्यांवरून १८८३ च्या नीडरवाल्ड स्मारकापाशी नेते. पुढे जंगलातून तासाभराची चाल; माझ्या सासूबाई बसत-उठत आरामात चालल्या. मग चेअरलिफ्टने आसमन्सहाउझेन गावात उतरून रुडेसहाइमला परतणारी बोट पकडा. डेकवरच बसा, एरेनफेल्स किल्ल्याचे भग्नावशेष आणि बेटावरचा माउस टॉवर दोन्ही दिसतात. हा टप्पा मला सगळ्यांत आवडतो.

उत्तर: चेअरलिफ्ट उघडी, दोघांची आहे. लेकीशेजारी मोठं माणूस बसवा. काकूंना नको वाटलं तर स्मारकापासूनच केबल कारने परत फिरा. बोटींच्या वेळा आधी बघून ठेवा.