रोज चालवायच्या हॉट हॅचला १४० अश्वशक्ती कमी पडते का?

तिसरा_गिअर

'सरळरेषा' यांनी सुझुकी स्विफ्ट स्पोर्टचं (२०१७ ची पिढी, १.४ टर्बो, सहा गिअर) परीक्षण लिहिलं. दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ० ते १०० ला ८.१ सेकंद लागतात तेव्हा ही हॉट हॅच (रोजच्या वापराची, पण जोरदार इंजिनाची छोटी हॅचबॅक) नव्हेच, १४० अश्वशक्तीत दम नाही, आणि रोजच्या वाहतुकीत मॅन्युअल म्हणजे हौसेने ओढवून घेतलेली शिक्षा. शेवटी सल्ला, की थोडे जास्त पैसे घाला आणि दोनशे अश्वशक्तीच्या पुढची गाडी घ्या.

ही गाडी मी साडेतीन वर्षं रोज चालवतोय. कामाला जायला, सामान आणायला, मुलीला क्लासला सोडायला. स्टॉपवॉच घेऊन एकदाही बसलो नाही.

आधी वजन बघा. ९७० किलोच्या आसपास. त्याला २३० न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर), तोही २५०० ते ३५०० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) पट्ट्यात, म्हणजे आपला काटा दिवसभर जिथे घुटमळतो तिथेच. हिशेब केला तर टनामागे १४४ अश्वशक्ती पडते. १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय ११० अश्वशक्ती आणि ८१० किलोची होती, म्हणजे टनामागे १३६. शंभरला ती नऊ सेकंदांच्या आसपास पोचायची. तिला हॉट हॅच म्हणायचं नाही, असं कुणी म्हणेल का?

शिवाय तो ० ते १०० चा आकडा स्वतःच लबाड आहे. एखाद्या गाडीचा दुसरा गिअर ९६ ला संपत असेल, तर शेवटच्या चार किलोमीटरसाठी तिसरा टाकावा लागतो आणि वेळ तिथे जातो. म्हणून कंपन्या दुसरा गिअर शंभरच्या जरा पुढे जाईल असा लांब ठेवतात. आकडा सुंदर दिसतो, पण रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर रोज सोसायचं तुम्ही.

दोनशेच्या गाडीत दुसरा गिअर पुरता ताणेपर्यंत वेगमर्यादा मागे पडते. उरलेले चार गिअर कशाला वापरायचे? स्विफ्टमध्ये साठच्या वेगाने, तिसऱ्यात, एखादं वळण घेताना नाक ज्या हलकेपणाने आत वळतं त्यासाठी मी ही गाडी घेतली. १९५ चे टायर, त्यामुळे गाडी काय सांगतेय ते कमी वेगातही कळतं.

दोषही लिहितो. मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा सस्पेन्शनचा दांडा) आहे आणि खराब रस्त्यावर मागच्या सीटवरचा माणूस वैतागतो. डिकी २६५ लिटरची, टाकी ३७ लिटरची. थंडीत पहिल्या काही मिनिटांत दुसरा गिअर अडखळतो. पण 'दम नाही' हे परीक्षण नव्हे.

सरळरेषा

माझं लिखाण अर्धंच वाचून तुम्ही पूर्ण उत्तर दिलंत.

पन्नास वर्षांपूर्वीची गोल्फ पुढे करून आजच्या गाडीची पाठराखण होत नाही. त्या काळी बाकीच्या गाड्यांना शंभर गाठायला तेरा-चौदा सेकंद लागायचे, म्हणून ती जीटीआय ठरली. आज साध्या घरगुती गाड्याही साडेआठ-नऊला पोचतात. 'हॉट' हा शब्द शेजारच्या गाडीच्या तुलनेत असतो.

ह्युंदाई आय२० एन घ्या : २०४ अश्वशक्ती, २७५ न्यूटन मीटर, आणि पुढच्या चाकांना मेकॅनिकल लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (घसरणाऱ्या चाकाकडेच सगळा जोर जाऊ न देणारा). फोर्ड फिएस्टा एसटी : २००, आणि तसा डिफरेन्शियल पर्यायी. तुमच्या स्विफ्टला तो नाहीच. आवळ वळणातून बाहेर पडताना दुसऱ्यात पाय दाबा, आतलं चाक जागीच फिरतं आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) इंजिनाचा गळा धरतं. हे मी स्वतः तीनदा करून पाहिलं आणि मगच लिहिलं.

मॅन्युअलबद्दल जे लिहिलं ते माझ्या गुडघ्याबद्दल आहे. डाव्या पायाचं लिगामेंट फाटलेलं, रोज सव्वा तास जायला आणि तेवढाच यायला, सगळा प्रवास पहिल्या-दुसऱ्या गिअरचा. संध्याकाळी जिना चढताना रेलिंग धरावं लागायचं. दोन वर्षं मी हे हौसेपोटी केलं आणि मग थांबलो. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मला मजा शिकवू नये.

चौथी_खाच

सरळरेषा, गुडघ्याचं समजलं, आणि त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही दाखले दिलेत ते आय२० एन आणि फिएस्टा एसटीचे. दोन्ही गाड्या फक्त मॅन्युअलमध्ये आल्या. ड्युअल क्लचचा (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा) पर्याय एकीलाही नव्हता. मग तुमचा मुद्दा नक्की कुठला, अश्वशक्ती की क्लच?

आणि त्या घ्यायच्या तरी कुठून? फिएस्टाचं उत्पादन २०२३ मध्येच थांबलं. गोल्फ जीटीआयने २०२४ च्या बदलात मॅन्युअल काढून टाकला. परवडणाऱ्या तीन पेडलच्या गाड्या अशा एकेक करून संपत असताना, उरलेल्या गाडीला 'शिक्षा' म्हणणारं परीक्षण वाचून नवा माणूस काय ठरवेल?

मी चाचणीसाठी एका विक्रेत्याकडे गेले तेव्हा मॅन्युअल दाखवायलाच नव्हती. 'ऑटोमॅटिक चालवून बघा, अंदाज येईल' म्हणाला. गिअर कसा पडतो याचा अंदाज ऑटोमॅटिकवरून कसा येणार? वर विचारलं, 'गाडी मिस्टर चालवणार का?' तिथूनच परत फिरले.

सात_हजार

तुम्ही सगळे टर्बोतच अडकलाय. खरी स्पोर्ट याच्या आधीची होती : १.६ लिटर, टर्बो नाही, १३६ अश्वशक्ती ६९०० आरपीएमला. टॉर्क फक्त १६०, तोही ४४०० ला, म्हणून तिला पिळावं लागायचं. त्या पिळण्यातच गाडीची सगळी गंमत होती. नवी ५५०० ला थकते, मग गिअर बदलायचा आनंद कसला? डिझेलसारखं तिसऱ्यात टाका आणि बसा.

तिसरा_गिअर

डिझेलसारखं हे अति झालं. पण साडेपाच हजारांनंतर इंजिनात काही उरत नाही, हे मान्य. माझ्याच लेखात ते यायला हवं होतं. आतल्या चाकाचंही खरं आहे, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच.

पण सात_हजार, तुमची ती गाडीही मी वर्षभर वापरली आहे. सकाळच्या गर्दीत, कारमध्ये चार माणसं असताना, चढावर ती हतबल व्हायची. सात हजारापर्यंत पिळायला मोकळा रस्ता लागतो, आणि तो मला आठवड्यातून एकदा मिळतो.

गिअर बदलायचा आनंद खाली उतरताना आहे. वळणाआधी ब्रेकवर पाय, त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टोला, चौथ्यातून तिसरा, आणि क्लच सुटतो तेव्हा गाडी जराही हिसका देत नाही. या गाडीत ऑटो रेव्ह मॅचिंग (गिअर उतरवताना इंजिनाचे फेरे आपोआप जुळवणारी सोय) नाही, सगळं आपल्याला करावं लागतं. मला तेच हवंय.

पॅड_बदला

हेच ऐकून मुलं गाड्या खराब करतात. ब्रेकपॅड स्वस्त, क्लच महाग. गाडी थांबवायला ब्रेक दिलेत, गिअरबॉक्स नाही. वळण आलं, ब्रेक दाबा, वेग उतरला की हवा तो गिअर टाका. मधले खेळ कशाला? इतकी वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. अकाली जळालेले क्लच घेऊन येणाऱ्यांत निम्मे हे हील-टोवाले (एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबणारे) असतात.

चौथी_खाच

काका, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. रेव्ह जुळवून गिअर खाली घेतला तर क्लचवर जवळपास काहीच घासलं जात नाही, कारण दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरत असतात. न जुळवता सोडला तर घासतो. तुमच्याकडे येतात ते न जुळवणारे.

पॅड_बदला

मला क्लच कसा चालतो हे शिकवू नका. कागदावर जुळतो तो पायाखाली दहातून चार वेळाच जुळतो.

उतरंड

ब्रेकवरच विसंबा म्हणणाऱ्यांसाठी माझा अनुभव. लांब उतार, गाडीत पाच जण आणि सामान. मी चौथ्यात, पाय ब्रेकवर, सतत हलका दाब. वीसेक मिनिटांनी पेडल मऊ झालं आणि पुढच्या वळणाला जमिनीला टेकलं. हँडब्रेक आणि दुसरा गिअर, त्यावर गाडी थांबली. नंतर कळलं, ब्रेक ऑइल पाच वर्षं बदललं नव्हतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना २३० अंशांच्या आधी उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाकापर्यंत काही पोचत नाही.

मागच्या सीटवर माझी आई होती. ब्रेकपॅड स्वस्त हे वाक्य मला त्या दिवसापासून सहन होत नाही.

पॅड_बदला

उताराचं मी कुठे बोललो? लांब उतारावर खालचा गिअर लावूनच उतरायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी बोलतोय सपाट रस्त्यावरच्या सिग्नलबद्दल. पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा असं नाटक करत थांबणाऱ्यांबद्दल.

उतरंड

'गाडी थांबवायला ब्रेक दिलेत, गिअरबॉक्स नाही' असं तुम्ही लिहिलंत. त्यात सपाट रस्ता कुठे आहे? लोक तेवढंच वाक्य लक्षात ठेवतात.

पॅड_बदला

बरं. वाक्य अपुरं होतं. पण सिग्नलचा मुद्दा कायम.

सात_हजार

सिग्नललाही गाडी गिअरमध्येच ठेवून येऊ द्यावी. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्शन इंधन बंद करतं, आरपीएम आयडलजवळ (उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या किमान फेऱ्यांजवळ) येईपर्यंत एक थेंब जात नाही. न्यूट्रलमध्ये घरंगळत आलात तर आयडलला इंधन जळतच राहतं. पायरी पायरीने उतरू नका, पण आहे त्या गिअरमध्ये राहा, शेवटी क्लच दाबा.

पॅड_बदला

हे मी तीस वर्षं सांगतोय. याला माझा विरोध कधीच नव्हता.

चौथी_खाच

हील-टोच्या हौशींनाही एक सांगते, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. पहिलं वर्ष, घाईत पाचव्यातून चौथा टाकायला गेले आणि दुसरा पडला. क्लच सोडला त्या क्षणी काटा लाल रेषेच्या पार गेला. रेव्ह लिमिटर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) इंधन तोडतो, पण चाकंच इंजिन फिरवत असतील तर त्याच्या हातात काही नसतं. दोन व्हॉल्व्ह वाकले. तीन महिन्यांचा पगार गेला. ऑटो रेव्ह मॅचिंग असतं तरी वाचले नसते, कारण चूक हाताची होती. आता हात गिअरच्या मुठीला सैल ठेवते, तळव्याने ढकलते, आवळून ओढत नाही. खाच आपली आपण सापडते. परीक्षणात हे लिहा : खाचा किती स्पष्ट आहेत, दुसरा आणि चौथा एकमेकांपासून किती दूर वाटतात. रोज चालवणाऱ्याला ते कामाचं.

सरळरेषा

चर्चा ब्रेकवरून क्लचवर गेली, आणि मला बोल लावणारे सगळे निघून गेले. तरी चौथी_खाच यांच्या आधीच्या प्रश्नाला उत्तर देणं भाग आहे.

हो, दाखले चुकीचे होते. दोन्ही गाड्या मॅन्युअल आहेत हे मला माहीत होतं, लिहिताना अश्वशक्तीच्या नादात सुटलं. 'शिक्षा' हा शब्द काढतो आणि त्याजागी लिहितो की तासन्‌तास गर्दीत जाणाऱ्याने आधी क्लच किती जड आहे ते पाहावं. या गाडीचा क्लच हलका आहे, हेही लिहितो. माझ्या पायालाही तो चालवताना त्रास झाला नव्हता. खरं म्हणजे त्याचाच राग आला होता, कारण गुडघ्याच्या दुरुस्तीनंतर मॅन्युअल सोडली ती कायमचीच असं मी ठरवलं होतं.

८.१ सेकंदांचं मत बदलणार नाही. दोन पदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडताना टनाचा हिशेब आठवत नाही, पुढून येणारी गाडी दिसते.

तिसरा_गिअर

ओलांडताना ८० ते १२० तिसऱ्या आणि चौथ्यात किती वेळ लागतो ते मोजा, स्थिर उभ्या गाडीपासून नव्हे. रविवारी माझी गाडी घेऊन जा. चार माणसं बसवून मोजा, जे येईल ते छापा. दुसरा गिअर थंडीत अडखळतो, पहिली पाच मिनिटं तेवढं सांभाळा.

पॅड_बदला

आणि निघायच्या आधी ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारून घ्या.